पहिलारू गाय धारेला शांत उभी कशी राहील?

पहिल्या वेताची गाय बादली दिसली की दावणीत फिरते, कासेला हात लागला की पाय झाडते आणि कशीबशी उभी राहिलीच तर पान्हा चोरते. घरात मग दोनच उपाय निघतात: पाय बांधा, नाहीतर बाजार दाखवा. या दोन्हींच्या आधी करण्यासारखं पुष्कळ असतं. अशी गाय क्वचितच खोडील असते. बहुतेक वेळा ती घाबरलेली असते, नाहीतर तिला कुठेतरी दुखत असतं. इथे जे सांगितलंय ते घरच्या दुधासाठी एक-दोन गाई ठेवणाऱ्यांसाठी आहे, म्हणजे मुख्यतः हाताने धार काढणाऱ्यांसाठी.

घाबरलेली गाय पान्हा का चोरते

कासेत दूध दोन ठिकाणी साठतं. थोडं दूध सडाच्या वरच्या पोकळीत उतरलेलं असतं, ते नुसतं पिळलं तरी येतं. हा वाटा साधारण पाचवा हिस्सा; गीर, खिल्लार, डांगी अशा देशी गाईंत तो आणखी कमी असतो. बाकीचं सगळं दूध वरच्या बारीक पिशव्यांत अडकलेलं असतं. सडाला हात लागला किंवा वासराने तोंड लावलं की मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीतून ऑक्सिटोसिन हा स्राव रक्तात येतो. तो कासेत पोचला की पिशव्यांभोवतीचे बारीक स्नायू आवळतात आणि दूध खाली उतरतं. हाच पान्हा. पहिल्या स्पर्शापासून पान्हा सुटेपर्यंत साधारण एक ते दीड मिनिट जातं आणि त्याचा जोर पाच ते सात मिनिटं टिकतो.

गाय घाबरली की हे सगळं थांबतं. एक तर ऑक्सिटोसिन सुटतच नाही, आणि सुटलं तरी भीतीपोटी रक्तात आलेलं अ‍ॅड्रेनालिन कासेकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आवळून धरतं. पान्हा चोरणं तिच्या इच्छेवर नसतं. धारेच्या आधी गोठ्यात आरडाओरडा झाला, काठी बसली, कुत्रं अंगावर गेलं, तर त्याचा अंमल उतरायला अर्धा तास तरी जातो, आणि तोवर कितीही ओढलं तरी वरचं दूध वरच राहतं. कासेत राहिलेलं दूध पुढचं दूध बनणं कमी करतं आणि कासदाहाला वाव देतं. म्हणून गाय शांत ठेवणं हा दुधाच्या हिशोबाचाच भाग आहे.

ती काय पाहते, काय ऐकते

गाईचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्याने तिला जवळजवळ सगळीकडचं दिसतं. दिसत नाही ते बरोबर शेपटीमागचं आणि अगदी नाकासमोरचं. मागून गेलेला माणूस तिला अचानक उगवल्यासारखा वाटतो. खोलीचा अंदाज कच्चा असल्याने जमिनीवरची सावली, पाण्याचा डाग, गोठ्याच्या दारातली काळी पट्टी यांना ती अडते. आपल्याला ऐकू न येणारे बारीक, उंच आवाज तिला ऐकू येतात. पत्र्यावर बादली घासल्याचा किंवा साखळीचा आवाज आपल्याला किरकोळ वाटला तरी तिला तो टोचतो.

प्रत्येक गाईभोवती एक अंतर असतं, त्याच्या आत माणूस आला की ती सरकते. मोकळ्या रानात चरून वाढलेल्या डांगी कालवडीचं हे अंतर बरंच असतं. घरातल्या मुलांनी खाजवून वाढवलेल्या कालवडीचं जवळपास नसतंच. हेच अंतर टप्प्याटप्प्याने कमी करत नेणं म्हणजे गाय माणसाळवणं. जायचं ते नेहमी खांद्याच्या बाजूने, तिरकं, हळू आणि तोंडाने काहीतरी बोलत. ठरावीक शब्द असले तर उत्तम: जवळ जाताना एक, हात लावताना दुसरा. शब्द कोणते ते महत्त्वाचं नाही, रोज तेच असणं महत्त्वाचं आहे.

तिचा धीर कितपत आहे हे अंगावर वाचता येतं. मान उंच, कान ताठ, डोळ्याचा पांढरा भाग दिसतोय, शेपटी पायांत दाबलेली, पुन्हा पुन्हा पातळ शेण पडतंय, म्हणजे ती घाबरलेली आहे. त्या दिवशी पुढचा टप्पा घेऊ नका. मान खाली, कान सैल, आणि सगळ्यात खात्रीचं म्हणजे रवंथ सुरू, तर काम पुढे न्या. लाथेचीही आगाऊ सूचना मिळते. ज्या पायाने मारायचं त्या पायावरचा भार ती आधी दुसऱ्या पायावर टाकते आणि मांडीचा स्नायू घट्ट होतो. मांडीला खांदा किंवा डोकं टेकलेलं असेल तर ही हालचाल क्षणभर आधी कळते.

आधी दुखणं शोधा

लाथ मारणाऱ्या गाईला सवय लावण्याआधी ती निरोगी आहे ना ते बघा. दुखणाऱ्या सडाला कितीही लाडाने हात लावलात तरी ती शिकेल एवढंच, की हात म्हणजे वेदना.

पहिलारू गाईच्या कासेला व्यायच्या आधी-नंतर सूज येते. अंगठ्याने हलकं दाबून सोडलं आणि खड्डा तसाच राहिला, तर ते सुजेचं पाणी आहे. ही सूज बहुतेक वेळा आठ-दहा दिवसांत ओसरते. दिवसातून दोनदा कोमट पाण्याने शेकून, हाताला थोडं तेल लावून, खालून वर असं हलकं चोळलं तर गाईला आराम पडतो. बेंबीपर्यंत चढलेली किंवा कास दगडासारखी करणारी सूज असेल तर पशुवैद्य बोलवा.

गाय एकाच सडाला हात लागल्यावर पाय झाडत असेल तर त्या सडाकडे बघा. पहिल्या दोन-तीन धारा काळ्या कापडावर किंवा गडद रंगाच्या वाटीत घ्या. गुठळ्या, पाणचट दूध, कासेचा तो भाग गरम आणि घट्ट, ही कासदाहाची लक्षणं आहेत आणि उपचार त्याच दिवशी सुरू व्हायला हवेत. सडांना चिरा, बारीक फोड, कासेच्या मागच्या घडीत गोचिड, हेही तपासा. आणि स्वतःचे हात: वाढलेलं नख, अंगठी, भेगाळलेला तळवा आणि थंडीतलं गार पाणी यांनीही गाय लाथ मारायला शिकते.

व्यायच्या दोन महिने आधी

खरं काम सुरू करायची वेळ हीच. गाईचा गाभणकाळ साधारण 280 दिवसांचा, म्हणजे सातवा महिना संपत आला की सुरुवात करायची. व्यायल्यावर एकाच दिवशी वेदना, वासरू, भरलेली कास, अनोळखी हात आणि बादली असं सगळं तिच्यावर येतं. त्यातल्या हाताची आणि बादलीची ओळख आधीच झालेली असेल तर ओझं निम्म्याने कमी होतं.

धारेची जागा ठरवा आणि ती बदलू नका. जमीन घसरडी नको. कोब्यावर पाय घसरलेली गाय त्या जागेलाच घाबरते, तिथे रबरी मॅट टाका किंवा मुरूम पसरा. गळ्यातल्या दाव्याने बांधलेली गाय ओढ देते तेव्हा गळा आवळतो आणि ती आणखी बिथरते. त्यापेक्षा म्होरकी घाला. दोरी दोन फुटांच्या आसपास, तोंड गव्हाणीत पोचेल पण अंग वळवता येणार नाही एवढी. खुंट्याला गाठ सुरगाठच हवी. गाय घसरून पडली आणि गळ्याशी निरगाठ असली तर विळा शोधेपर्यंत उशीर होतो. एका बाजूला भिंत किंवा आडवा बांबू असला तर ती गोल फिरू शकत नाही आणि अर्धी झटापट तिथेच मिटते.

पहिले चार-पाच दिवस तिला सकाळ-संध्याकाळ ठरलेल्या वेळी त्या जागी आणा, खुराक द्या, ती खात असताना खांद्याशी उभे राहा आणि परत न्या. हात लावण्याची घाई नको. गाभणकाळाच्या शेवटच्या दोन महिन्यांत दिवसाला एक ते दीड किलो जादा खुराक द्यायचाच असतो; तो नुसता टोपलीत न टाकता याच वेळी दिला तर वेगळा खर्च नाही. मात्र प्रमाण एकदम वाढवू नका, आठवड्याला अर्धा किलो पुरे. गाय लवकर माणसाळावी म्हणून पेंड आणि भरडा पाट्या भरून घातला तर पोटात आम्लता होते, रवंथ थांबते, आणि अशी गाय आणखी चिडकी होते.

हात कधी काढायचा

सगळी शिकवण या एका प्रश्नावर उभी आहे. गाय शिकते ते आपण हात लावतो तेव्हा कमी आणि आपण हात काढतो तेव्हा जास्त. हात तिला नकोसा असतो. तो ज्या क्षणी जातो, त्या क्षणी ती जे करत होती तेच तिच्या डोक्यात बसतं. लाथ झाडली आणि हात गेला, तर लाथ कामाची ठरली. पुढच्या वेळी ती जोरात येईल. पाय जमिनीवर ठेवला आणि हात गेला, तर पाय ठेवणं कामाचं ठरलं. लाथ मारल्यावर मारलं, ओरडलं, तर ती काय चुकलं ते समजत नाही. माणूस जवळ आला की भय येतं एवढंच तिला कळतं.

म्हणून सुरुवात अशा जागेपासून करायची जिथे ती नक्की सहन करते. बहुतेक गाईंना मानेखालची पोळी, वशिंडाची पुढची बाजू आणि शेपटीचं मूळ खाजवलेलं आवडतं. तळहात पूर्ण टेकवा आणि थोडा दाब द्या. बोटांच्या टोकांनी हलकं शिवू नका. माशी बसली तरी जागच्या जागी कातडी थरथरवून ती उडवणारं हे अंग आहे, आणि हलक्या स्पर्शाला ते तसंच उत्तर देतं.

तिथून खांदा, पाठ, बरगड्या, पोटाची बाजू, मांडीची बाहेरची बाजू, मग कास आणि शेवटी सड. प्रत्येक जागी हात ठेवायचा, मनात तीन अंक मोजायचे, ती स्थिर असताना काढायचा. मग दहा-पंधरा सेकंद काहीच करायचं नाही. ही मोकळी वेळ टाळू नका, तीच तिची मजुरी आहे. एका वेळी दहा-पंधरा मिनिटं पुरे. जिथवर सरळ पोचलात तिथून दुसऱ्या दिवशी सुरू करू नका. खांद्यापासूनच सुरू करा, फक्त भरभर पुढे जा.

कासेजवळ पोचल्यावर पाय उचलला जाणारच, आणि तिथे हात टिकवणं धोक्याचं असतं. यासाठी चार फुटांचा हलका बांबू घ्या, टोकाला जुनं मऊ कापड मुठीएवढं गुंडाळून सुतळीने पक्कं बांधा आणि खांद्याशी उभं राहून त्या टोकाने मांडीला, मग कासेला स्पर्श करा. पाय झाडला तरी कापड तिथेच टेकलेलं ठेवा, दाब न वाढवता. पाय खाली आला, क्षणभर टिकला, की लगेच कापड काढा आणि शब्द द्या. पाच-सहा वेळा असं झालं की झाडणं उचलण्यावर येतं आणि उचलणं नुसतं भार बदलण्यावर. काठीचा मार खाल्लेल्या गाईला बांबू दाखवूच नका. तिच्यासाठी लांब दांड्याचा मऊ कुंचा वापरा.

एक मर्यादा मात्र ओळखायला हवी. कापड टेकलेलं असताना झाडणं कमी होण्याऐवजी वाढत चाललं, ती दोरी तोडायला निघाली, तर आपण फार पुढे आलो आहोत. ती क्षणभर जरी थांबली तरी काढा, आणि आदल्या जागेवर परत जा. एका दिवसात मांडीवरून सडावर उडी मारण्याच्या नादात आठवड्याचं काम वाया जातं.

कासेला तळहात चालू लागला की बसण्याची सवय लावा. उभ्या माणसाला सरावलेली गाय तोच माणूस उकिडवा बसला की दचकते, कारण तिच्या लेखी तो आकारच वेगळा असतो. आधी नुसतं बसा आणि उठा. मग रिकामी बादली शेजारी ठेवा, कडीचा आवाज होऊ द्या. मग कोमट पाण्यात भिजवलेल्या फडक्याने कास पुसा. सडांना मूठ लावून धारेच्या तालात हलकं दाबा, पण चीक काढू नका. व्यायच्या आधी सडाच्या टोकाला एक नैसर्गिक बूच असतं. ते काढलं तर जंतूंना वाट मिळते आणि वासराच्या वाट्याचा चीक कमी होतो.

काही कालवडी चार दिवसांत इथवर येतात, काहींना तीन आठवडे लागतात. देवणी किंवा गीर सहसा लवकर येतात. कामासाठी पैदास झालेली, चपळ आणि तापट खिल्लार वेळ घेते. पण जातीपेक्षा लहानपणी ती माणसांत किती राहिली याचा फरक मोठा.

व्यायल्यावर

पहिले तीन-चार दिवस नवी आई वासराच्या जवळ येणाऱ्यावर धावून जाऊ शकते. डोकं खाली, फुत्कार, खुराने माती उकरणं, ही बुजण्याची नव्हे तर हल्ल्याची लक्षणं आहेत; एकट्याने आत जाऊ नका आणि मुलांना लांब ठेवा.

वासराला पहिल्या तासाभरात चीक मिळालाच पाहिजे. वीस-पंचवीस किलोच्या वासराला पहिल्या वेळी दोन लिटरच्या आसपास, आणि दिवसभरात वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका. गाय उभीच राहत नसेल तर या दिवशी शिस्तीचा आग्रह धरू नका. दोघं मिळून गाय धरा आणि वासराला सडाला लावा.

देशी गाय वासरू समोर असल्याशिवाय सहसा पान्हवत नाही. आधी वासराला चारही सडांना मिळून अर्धा-एक मिनिट लुचू द्या, मग बाजूला घेऊन तिच्या तोंडासमोर बांधा, तिला चाटता येईल असं. वासराच्या लाळेचे सड धुऊन, पुसून मग धार. संकरित गाईंना वासराविना सवय लावता येते, पण मग ती पहिल्या दिवसापासून. पंधरा दिवस वासरू लावून नंतर अचानक तोडलं तर बुजरी गाय पान्हा बंद करते.

धारेचा क्रम रोज एकच ठेवा: खुराक, शब्द, कास पुसणं, सड कोरडे करणं, पहिल्या दोन-तीन धारा वाटीत, मग धार. पुसायला सुरुवात केल्यापासून मिनिट-दीड मिनिटात हात सडावर हवा. कास धुऊन बादली आणायला घरात गेलात तर पान्ह्याचा निम्मा वेळ तिथेच संपतो.

बसायचं ते अंगाला चिकटून. गाईची लाथ पुढे आणि बाहेर, कमानीसारखी येते. दोन-तीन फुटांवर तिचा जोर सगळ्यात जास्त असतो, अंगालगत सगळ्यात कमी. डोकं किंवा खांदा तिच्या कुशीला टेकवा. गाईच्या उजव्या अंगाला बसला असाल तर तुमचा डावा हात मागच्या पायाच्या बाजूला येतो. तो मनगटापासून कोपरापर्यंत पायाच्या पुढे आडवा राहू द्या. तो पाय अडवू शकत नाही, पण बाजूला वळवतो आणि आधी सूचना देतो. लोंबणारा पदर, ओढणी, वाजणाऱ्या बांगड्या या काळात नकोत.

पहिल्या आठवड्यात मोठी बादली खाली ठेवू नका. एका हातात लिटर-दोन लिटरची किटली धरा, दुसऱ्या हाताने काढा आणि भरत आली की मागे ठेवलेल्या बादलीत ओता. लाथ लागली तर लिटरभरच जाईल, आणि बादली उलटल्याच्या आवाजाने गाय दुसऱ्यांदा घाबरणार नाही. पुढच्या सडांपासून सुरू करा. मागचे सड लाथेच्या वाटेत असतात, तिथे हात नंतर न्या.

सड पूर्ण मुठीत धरून वरून खाली एकेक बोट मिटत दाबायचा. अंगठा मुडपून पिळल्याने सडाच्या आतला भाग चेपला जातो, दुखतो आणि कालांतराने गाठ धरते. पहिलारू गाईचे सड आखूड असतात, त्यांच्यावर चार बोटं मावत नाहीत. मग दोन-तीन बोटांनी दाबा. चिमटीने ओढण्याची वेळ आलीच तर ती शेवटच्या धारांपुरतीच. पाय उचलला की सड सोडू नका, पण पिळणं थांबवा. मूठ नुसती टेकलेली ठेवा, पाय खाली आला की पुन्हा सुरू करा.

झाल्यावर सड पोव्हिडोन आयोडीनच्या द्रावणात बुडवा आणि तिच्यापुढे कुट्टी टाका. धारेनंतर सडाचं तोंड मिटायला अर्धा तास लागतो. तेवढा वेळ ती शेणात न बसता उभी राहावी यासाठी हे.

पाय बांधणं आणि इंजेक्शन

स्पर्श अजिबात न सोसणाऱ्या गाईचे पाय बांधणं हा सगळ्यात धोकादायक प्रकार आहे. ती बिथरून बसते किंवा आडवी होते, आणि खाली माणूस असतो. स्पर्श सोसणारी, पण मधूनच पाय उचलणारी गाय असेल तर काही दिवस दोरीची मदत घेता येते. बोटाएवढी जाड, मऊ सुती दोरी मागच्या पायांच्या वाकत्या सांध्यांच्या वर इंग्रजी आठच्या आकड्यासारखी घालायची, सुरगाठ बाहेरच्या बाजूला, एका ओढीत सुटेल अशी. दोन-तीन दिवसांनी ती सैल करत न्या, मग नुसती पायाला लावून काढा, मग नाहीच. वर्षभर बांधून काढणारे लोक गाईला काहीच शिकवत नाहीत. कासेच्या पुढून पोटाला दोरी आवळल्याने लाथ थांबते, पण गाभण गाईला ती कधीच लावू नये, आणि इतर वेळीही तिने पान्हा आखडतो.

ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन पशुवैद्याने तपासून एखाद-दुसऱ्या वेळी दिलं तर तो उपचार असतो. रोज टोचलं तर गाय त्याच्याशिवाय पान्हवेनाशी होते, आणि रोजच्या सुईमुळे धारेची भीती वाढते ती वेगळीच. दूध वाढवण्यासाठी जनावराच्या आरोग्याला घातक असं इंजेक्शन देणं 1960च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 12 खाली गुन्हा आहे.

चांगली चाललेली गाय मध्येच बिघडली तर

गाय आधी शांत होती आणि धारेच्या शेवटी शेवटी लाथ मारते, अशी तक्रार असेल तर खुराक पाहा. एक किलो सुकी पेंड गाय तीन-चार मिनिटांत संपवते, धार मात्र सात-आठ मिनिटं चालते. रिकाम्या गव्हाणीशी तिला उभं राहायचं नसतं. पेंड कुट्टीत मिसळून द्या, म्हणजे वेळ पुरतो. आणि ती पाय आपटते म्हणून वाढीव घमेलं पुढे सरकवू नका. पाय आपटला की खाणं येतं, हे ती दोन दिवसांत शिकते.

एका दिवसापुरती बेचैनी, हंबरणं, दुधात घट, तर माज असू शकतो; तो साधारण एकवीस दिवसांनी परत येतो, तारीख लिहून ठेवा. एका सडापुरती तक्रार, तर कासदाह. पावसाळ्यात अचानक सगळ्याच धारांना शेपटी आणि पाय चालू झाले, तर माशा. संध्याकाळी गोठ्यात धूर करा आणि शेपटीचा गोंडा धुऊन मोकळा ठेवा.

बाजारातून आणलेल्या दुभत्या गाईचं दूध पहिले काही दिवस कमी पडतं, मग ती लोणीहून आणलेली संकरित असो की सांगोल्याची खिल्लार. नव्या जागी ऑक्सिटोसिन नीट सुटत नाही. घेताना तिथे कोणत्या अंगाने धार काढत, वासरू आधी लावत का, खुराक कोणता, पाय बांधत का, हे विचारून घ्या आणि पहिला आठवडा अगदी तसंच करा. बदल नंतर.

यंत्र आणायचं असेल तर आठवडाभर आधी धारेच्या वेळी ते लांबवर नुसतं चालू ठेवा, रोज थोडं जवळ आणा. यंत्र लावल्यावरच पाय झाडत असेल तर अर्थिंग तपासा. माणसाला न जाणवणारा एक-दोन व्होल्टचा प्रवाह ओल्या जमिनीवर उभ्या गाईला जाणवतो. दूध संपल्यावर कप लगेच काढा, रिकाम्या सडावर चाललेली ओढ दुखते.

गाय एका हाताला सरावली की दुसऱ्या माणसाची ओळख महिन्या-दोन महिन्यांतच करून द्या. आधी त्याने नुसतं शेजारी उभं राहायचं, मग खुराक द्यायचा, मग कास पुसायची, मग शेवटच्या चार धारा काढायच्या. घरातल्या एकाच माणसाला धार देणारी गाय तो आजारी पडला की कास तुंबून बसते, आणि तुंबलेल्या कासेला त्या दिवशी पहिल्यांदा हात लावणारा माणूस लाथ खातो.